अक्का, तुम्ही आभार मानले तो शुक्रवार

शनिवार, २१ फेब्रुवारी. सकाळपासून तुमच्या स्वयंपाकघरातले डबे रिकामे करते आहे.

अक्का, तुमच्या तूरडाळीत किडे झालेत. डाळ चाळून उन्हात टाकली आहे. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाला वास येत होता, ते गाईला घातलं. मागच्या उन्हाळ्यातले ज्वारीचे बिबड्याचे पापड मात्र अजून कडक आहेत, दोन डबे भरून. तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत तुमची खोली उघडायची कोणाची हिंमत झाली नाही. तुमच्या दिराने, म्हणजे आमच्या ह्यांनी, तर आज किल्ली माझ्या हातात दिली आणि सरळ बाजार गाठला. शेवटी मीच उघडली. किडे काही आपलं रडणं संपायची वाट बघत नाहीत.

उद्या उपासनेनंतर तुमची स्मरणसभा आहे. घरच्यांतर्फे दोन शब्द मी बोलायचे, असं पाळकसाहेबांनी ठरवलं आहे. म्हणाले, "शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं काढलीत, तुम्हाला लिहायची सवय आहे." सवय आहे खरी. बुधवारीच एक पान लिहून ठेवलं होतं. जन्म, लग्न, दवाखान्यातली आयाची नोकरी, स्वभाव, शेवटी सर्वांचे आभार. रजेच्या अर्जासारखं स्वच्छ पान. आज दुपारपर्यंत ते मला ठीक वाटत होतं. दुपारी माझ्या लेकीने, करुणाने, मला एक गोष्ट सांगितली आणि ते पान निकामी झालं. म्हणून हे लिहायला बसले आहे. यातलं उद्या किती बोलणार ते ठरवायचं आहे. तुमच्याशी मात्र आज सगळं बोलून घेते. मधेच तुम्ही काही म्हणणार नाही, तेवढी सोय आहे.

मी फैजपूरची. आमच्याकडे घरच्या माणसाचे आभार कोणी मानत नाही. मानले तर समोरचा विचारतो, मी काय परका आहे? लग्न होऊन धुळ्याला आले. तुम्ही मोठ्या जाऊबाई, म्हणून पहिल्या दिवशी मी तुमच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तुम्ही म्हणालात, "भलं व्हयनं." मला वाटलं टोमणा आहे, पाणी द्यायला उशीर झाला असेल. नंतर कळलं की चांगलं झालं, बरं झालं, देवाची कृपा, आभारी आहे, हे सगळं तुम्ही त्या दोन शब्दांत भागवता आणि दिवसभर भागवता. नळाला पाणी आलं, "पानी उनं, भलं व्हयनं." हात दाखवल्यावर एसटी थांबली, की कंडक्टरला. दात काढणाऱ्या डॉक्टरला, तेही तोंडात कापसाचा बोळा असताना. एकदा पोस्टमन चुकून दुसऱ्याचं पत्र टाकून गेला, तर त्यालाही.

मी म्हटलं, "अहो अक्का, पत्र आपलं नाही."

"मंग काय व्हयनं? उनमा चालत उना ना तो."

हळूहळू मला त्याचा वैताग यायला लागला. दर भाकरीला "भलं व्हयनं" ऐकलं की आपण हॉटेलात कामाला आहोत असं वाटायचं. एकदा बोललेही तसं. तुम्ही हसलात. "शैला, मी तुले नही म्हनत, बापले म्हनस. तू मझार शे, म्हनीसन तुले ऐकू येस." म्हणजे तुमचं बोलणं वरच्या बापाशी चाललेलं. मी मधे उभी होते म्हणून माझ्या कानावर पडलं, इतकंच.

माझा विश्वास शाळेच्या हजेरीपटासारखा आहे. रविवारी हजर राहायचं, दिलेलं काम करायचं, नाताळला सगळ्यांकडे फराळ पोचवायचा. तुमचा कसा होता ते मला नीटसं सांगता येत नाही. समोरच्या शमीमआपांशी आपल्या घराचं गटारीवरून वाजलं होतं, आठवतं? पुरुष माणसं एकमेकांना शिव्या देऊन मोकळी झाली. तुम्ही दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी खराटा घेऊन आपल्याबरोबर त्यांचीही गटार झाडायला लागलात. ना शास्त्र ऐकवलंत, ना समजूत घातलीत. मला तो बावळटपणा वाटला होता. पंधरा दिवसांनी शमीमआपा आतूनच ओरडल्या, "अक्का, आज हमारी बारी है, तुम बैठो." त्यानंतर तुम्हा दोघींच्या पाळ्या लागल्या, त्या शेवटपर्यंत.

आता त्या शुक्रवारावर येते.

करुणाचं लग्न आम्ही जळगावला करून दिलं होतं. स्थळ मी शोधलं. मुलगा शिकलेला, घर ख्रिस्ती, घरात रोज संध्याकाळी प्रार्थना. दीड वर्ष फोनवर सगळं बरं होतं. मग एका मंगळवारी भर दुपारी करुणा एसटीने घरी आली, पायात बाथरूमच्या चपला घालून. मनगट काळंनिळं. त्याने तिला दोन दिवस खोलीत कोंडून ठेवलं होतं आणि फोन काढून घेतला होता. कारण काय, तर त्याला न विचारता तिने मला फोन केला.

मी काय केलं? डॉक्टरला दाखवलं, जेवायला घातलं आणि जावयाला फोन लावला. त्याने माफी मागितली, त्याच्या आईनेही मागितली. तो सोमवारी न्यायला येणार असं ठरलं. शेजारीपाजारी आणि चर्चमध्ये मी सांगितलं, करुणा परीक्षेचा फॉर्म भरायला आली आहे. करुणा मला दोनदा म्हणाली, "आई, मला नाही जायचं." मी म्हटलं, सुरुवातीला होतं असं, माणूस बदलतो. तिसऱ्यांदा ती काही म्हणाली नाही, तो मी होकार समजले. तिची बॅग मीच भरली आणि वर तिच्या सासूसाठी शेवेचा डबा ठेवला.

हे लिहिताना माझा हात थांबला नाही, पण लिहून झाल्यावर उठून डाळ हलवून आले.

त्या आठवड्यात घरोघरी फिरणारी शुक्रवारची प्रार्थनासभा आपल्या अंगणात होती. सतरंज्या घातल्या, वीसेक माणसं आली. आपल्या सभांची गंमत आपल्यालाच माहीत. डोळे मिटले की माणूस देवाला सगळं सांगून टाकतो आणि बाकीचे आमेन म्हणता म्हणता कान देऊन ऐकतात. कोणाची शुगर वाढली, कोणाचा मुलगा नापास झाला, सगळं आधी प्रार्थनेतून कळतं. म्हणून मी सभेत तोंड उघडत नसे. त्या दिवशी करुणा आत दार लावून बसली होती. तुमची पाळी आली. तुम्ही नेहमीसारखी पुस्तकी सुरुवात केलीत, "हे आमच्या स्वर्गीय बापा," आणि नेहमीसारख्याच दुसऱ्या वाक्याला आपल्या बोलीवर आलात.

"बापा, आमनी करुणा जित्ती घर उनी. भलं व्हयनं. आते तिले तठे परत जाऊ देऊ नको."

जित्ती. म्हणजे जिवंत. सुखरूप म्हणाला असतात तरी मी कसंबसं निभावलं असतं. जिवंत म्हटल्यावर सांगायचं काय उरतं? मी डोळे उघडले. समोर कमलबाईंचे डोळे आधीच उघडे होते. कमलबाई म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरी. त्यांना कळलं म्हणजे धुळ्याला कळलं. तेवढ्यात सगळे एका आवाजात म्हणाले, "आमेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या दारात उभी राहिले. तुम्ही तांदूळ निवडत होतात.

"अक्का, माझ्या पोरीची अब्रू वीस माणसांत टांगलीत तुम्ही."

"मी बापले सांगं."

"बाप काय बहिरा आहे? मनातल्या मनात सांगता येत नव्हतं?"

तुम्ही ताट खाली ठेवलंत. "चार लोकेसमोर सांगं, ते चुकनं मनं. माफी कर."

"चुकलं ना? मग तसं त्या सगळ्यांना सांगा. म्हणा, माझं बोलणं चुकलं, तसं काही नव्हतं."

"सांगं ते चुकनं. पन भलं व्हयनं म्हनं, ते नही चुकनं."

"दोन्ही एकच आहे."

"एक नही शे. पोर घर उनी ते भलं नही व्हयनं, असं कसं म्हनू बाई मी?"

"मग आजपासून तुमचं माझं बोलणं बंद."

तुम्ही ताट परत मांडीवर घेतलंत. "बठ्ठा राग मनावर काढ," म्हणालात. "पोरवर नको."

तुमच्या बोलीत "बठ्ठा" म्हणजे सगळा आणि "मनावर" म्हणजे "माझ्यावर". मला ते इतक्या वर्षांत चांगलं माहीत होतं. तरी त्या दिवशी मला वाटलं, काय ही मिजास.

सोमवारी जावई आला, तेव्हा अंगणात चर्चच्या मंडळीतले दोन वडीलधारे खुर्च्या टाकून बसले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. प्रार्थनेत ऐकलं म्हणून आलो, म्हणाले. त्यांनी त्याला शांतपणे चार प्रश्न विचारले. त्याने चहा घेतला आणि गेला. मी भरलेली बॅग तशीच राहिली. पुढे वकील, कोर्ट जे व्हायचं ते झालं. करुणा आता लॅबमध्ये नोकरीला आहे, सकाळी आठला स्कूटरवर जाते. ती त्या सोमवारी गेली असती तर काय झालं असतं, हे मी आजवर कोणाशी बोलले नाही. तुमच्याशीही नाही.

आपला अबोला अकरा महिने चालला. एक अंगण, एक नळ, एक पाण्याची मोटार, आणि अबोला. सगळे निरोप करुणामार्फत. "मोठीआईला सांग, मोटार बंद करा म्हणावं." तुम्ही चार पावलांवर उभ्या. "सांग तुनी मायले, बंद कयी." करुणा म्हणायची, "मी काय टेलिफोन आहे का?" नळाला चार दिवसांआड पाणी यायचं, नेमकं मी शाळेत असताना. संध्याकाळी घरी येऊन बघावं तर माझे दोन्ही ड्रम काठोकाठ, वर फडकं बांधलेलं, आणि तुमचा ड्रम अर्धा. मी ते पाणी वापरलं. तुम्हाला काही म्हणाले नाही.

चर्चमध्ये उपासना संपली की आपण एकमेकांचा हात हातात घेऊन "शांती असो" म्हणतो. तुम्ही दर रविवारी माझ्यापुढे हात करायचात. मी दर रविवारी मागच्या बाकावरच्या कोणाशी तरी हात मिळवायचे.

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. पाळकसाहेब आधी सांगतात, मनात अढी ठेवून कोणी हात पुढे करू नये, आधी समेट करावा. अढी माझ्या मनात होती, तुमच्या मनात नव्हती. पण तुमची समजूत अशी, की जिच्यावर कोणी रागावलं आहे तिनेही थांबावं. भाकरीची ताटली बाकावरून फिरत तुमच्याकडे यायची आणि तुम्ही तुकडा न घेता पुढे द्यायचात. पुढे मी असायचे. मी घ्यायचे. अकरा वेळा घेतला. घशात अडकला वगैरे काही नाही, खोटं कशाला सांगू. नीट उतरला.

लोकांनी हे बघितलं. आपल्या मंडळीत ताटली सोडणाऱ्या माणसाकडे लगेच लक्ष जातं. एवढी देवभीरू बाई प्रभुभोजन घेत नाही, म्हणजे हिने काहीतरी केलं असणार. एका रविवारी गेटपाशी कमलबाईंनी मला गाठलं.

"काय हो शैलाताई, घराच्या वाटणीवरून काही आहे का? नाही, अक्का ताटली पुढे सरकवतात म्हणून विचारलं. मनाला काही लागल्याशिवाय असं करणार नाही माणूस."

मी म्हणाले, "मला काय माहीत?"

बस, एवढंच. मला सगळं माहीत होतं. तिथे उभ्या उभ्या "अक्कांचं काही नाही, मीच बोलत नाहीये" म्हणायला किती वेळ लागला असता? पुढच्या महिन्यात महिला मंडळाची सुरुवातीची प्रार्थना तुमच्याकडून काढून दुसरीला दिली गेली. ती प्रार्थना किती वर्षं तुमच्याकडे होती. वाटणीत हावरेपणा केला म्हणून अक्कांचं मन त्यांना खातंय, अशी कुजबुज माझ्या कानावर आली. तुमच्याही आली असणार. तुम्ही मंडळात मागच्या रांगेत जाऊन बसायला लागलात. मी सेक्रेटरीच्या शेजारी बसायचे.

अकरा महिन्यांनी तुम्ही मोरीत घसरलात आणि उजवा हात मोडला. प्लास्टर घालून आणलं. दुसऱ्या दिवशी बघते तर तुम्ही डाव्या हाताने केस विंचरायची खटपट करत होतात. सगळा गुंता. मी कंगवा घेतला आणि म्हटलं, "मान खाली करा." अकरा महिन्यांतलं माझं पहिलं वाक्य. तुम्ही मान खाली केलीत. वेणी झाली. तुम्ही "भलं" एवढं म्हणालात आणि गप्प झालात. इतक्या वर्षांत तो शब्द तुम्ही अर्धा गिळलेला मी पहिल्यांदा ऐकला. मला वैताग येईल म्हणून गिळलात.

मी म्हटलं, "म्हणा."

"व्हयनं," तुम्ही म्हणालात.

पुढच्या पहिल्या रविवारी तुम्ही डाव्या हाताने तुकडा घेतलात. त्यानंतरची दोन वर्षं आपण भरपूर बोललो, भाजीपासून निवडणुकीपर्यंत. त्या शुक्रवारचं नाव मात्र दोघींनीही काढलं नाही. मी मनात माझंच धरून होते, की अक्का अर्धंच चुकलं म्हणाल्या, अर्धं राहिलंय. लोक म्हणाले, वाटणीचं मिटलं वाटतं. मी त्यांनाही काही म्हणाले नाही. मंडळाची प्रार्थना तुमच्याकडे परत आली नाही.

आणि आज दुपारी करुणा माझ्याबरोबर डाळ चाळत होती. म्हणाली, "उद्या काय बोलणार आहेस?" मी पान वाचून दाखवलं.

"त्या शुक्रवारचं काही नाही यात?"

"ते कशाला उकरायचं? बोलून बसल्या भोळेपणाने, झालं गेलं."

तिने चाळणी खाली ठेवली. "आई, मोठीआई भोळेपणाने नव्हत्या बोलल्या. मीच त्यांना सांगितलं होतं."

गुरुवारी मी शाळेत गेल्यावर ती तुमच्याकडे आली होती म्हणे. म्हणाली, सोमवारी आई मला पाठवतेय, मी तिकडे गेले तर वाचणार नाही. तुम्ही विचारलंत, "तुनी मायले सांगू का?" ती म्हणाली, "तिला मी सांगून झालं. तिला ऐकू येत नाही." तुम्ही मग विचारलंत, "मंग बापले सांगू?"

"सांगा," ती म्हणाली. "मोठ्याने सांगा."

आणि तिने तुमच्याकडून शब्द घेतला, की मी सांगितलं हे आईला कळू द्यायचं नाही. नाहीतर आई म्हणेल, पोरीने घरची गोष्ट बाहेर नेली. बरोबर ओळखलं होतं तिने. मी हेच म्हटलं असतं.

"मग एवढी वर्षं का नाही बोललीस?" मी विचारलं.

"मी म्हटलं होतं त्यांना, आता सांगून टाकू या, तुमचा अबोला तरी मिटेल. तर म्हणाल्या, तुझ्या आईचा राग माझ्यावर बरा बसलाय, बसू दे. तो तुझ्यावर वळला तर तुला दुसरं घर कुठे आहे?"

अक्का, मला आधी तुमचाच राग आला. हे लिहितेच. सहा आठवडे रोज सकाळी तुमची वेणी माझ्या हातात होती. डोकं माझ्यापुढे, तोंड भिंतीकडे, इतकी सोयीची वेळ दुसरी नव्हती. एक वाक्य टाकलं असतंत तर काय बिघडलं असतं? करुणाला तेव्हा माझा धाक उरला नव्हता. मी ऐकून घेतलं असतं. घेतलं असतं ना? बघा, आता इथे तुमचं उत्तर हवं होतं.

दुसरं भांडण. जे तुमचं चुकलंच नव्हतं, त्याची तुम्ही माफी मागितलीत. पोरीने सांग म्हटलं म्हणून सांगितलंत आणि वर मला म्हणालात, "चुकनं मनं." हे खोटं झालं की नाही? देवाशी इतकं सरळ बोलणारी बाई माझ्याशी वाकडं बोलली. पाळकसाहेबांना विचारलं तर ते काहीतरी अवघड सांगतील. मला एवढंच दिसतं, की माफी तुम्ही स्वतःपुरती स्वस्त केली होती, कोणी रागावलं की मागून टाकायची. आभार मात्र एक इंच मागे घेतले नाहीत. वीस माणसांत नाव गेलं, मंडळातली जागा गेली, अकरा महिने ताटली पुढे गेली. त्या पोरीला जिवंत बघून जे म्हणालात ते काही तुम्ही मागे घेतलं नाही. मी तेव्हा त्याला हट्ट म्हणत होते.

आणि मी काय मागत होते तुमच्याकडे? माझी मुलगी जिवंत घरी आली ते चांगलं झालं नाही, असं तुम्ही म्हणावं. अकरा महिने मी हे मागत होते, अक्का.

तुमचा शब्द मला जमणार नाही. माझ्या तोंडी तो नाटकी वाटेल. तुमच्याबद्दल मला काय वाटतं ते मी तुम्ही असताना म्हणाले नाही, आता पानावर म्हणून तुम्हाला पोचणार नाही. एक काम मात्र हातात आहे. चर्चमध्ये अजूनही निम्म्या लोकांना वाटतं की अक्कांनी वाटणीत काहीतरी खाल्लं होतं. उद्या तेच लोक तुमच्या आठवणीत डोळे पुसतील. ते त्यांच्या मनातून काढून टाकायचं, तर मी काय केलं ते सांगावं लागणार, आणि करुणाचं नाव पुन्हा वीसच्या जागी दोनशे माणसांत जाणार. मागे त्यावरून मी केवढा आकांत केला होता. म्हणून आता संध्याकाळी मी तिला आधी विचारलं.

ती तुमचे मसाल्याचे डबे धूत होती. "सांग," म्हणाली. "तेव्हा मी दार लावून ऐकलं होतं. उद्या समोर बसते."

रविवार, २२ फेब्रुवारी.

सभेत बोलणं तसं सोपं असतं, एकाही चेहऱ्याकडे नीट बघावं लागत नाही. म्हणून सकाळी साडेसातला आधी कमलबाईंच्या घरी गेले. त्या ओले केस टॉवेलात गुंडाळून साडीला इस्त्री करत होत्या. घाबरल्याच मला बघून.

"काय झालं? कोणी आजारी आहे का?"

"नाही. तुम्ही मला गेटवर विचारलं होतं, अक्का प्रभुभोजन का घेत नाहीत. मी म्हटलं होतं, मला काय माहीत. खोटं बोलले होते. वाटणीचं काही नव्हतं. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, म्हणून त्या थांबल्या होत्या." आणि मग बाकीचं सगळं सांगितलं, बॅगेसकट.

कमलबाईंनी इस्त्री उभी केली.

"मग तुम्ही कशा घेत होतात?" त्यांनी विचारलं.

"घेत होते."

"आणि मी त्यांची प्रार्थना काढून घेतली."

"हो."

"त्या असताना सांगायचं होतं, शैलाताई."

"हो. सांगायचं होतं."

त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. साडी अर्धीच झाली होती, ती तशीच उचलली. "बसा, आलेच नेसून. बरोबरच जाऊ. तुमचं झालं की मलाही उठून बोलावं लागेल."

आम्ही एकाच रिक्षातून गेलो. करुणा दुसऱ्या रांगेत मधोमध बसली होती. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. मी पुढे गेले, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अक्कांचं कोणाशी भांडण नव्हतं. भांडण माझं होतं."